कोर्ट फीला पैसे नाहीत? कर्ज काढायच्या आधी हे वाचा

सोलापुरात कोर्टाबाहेर टायपिंग करायला बसलो त्याला चोवीस वर्षं झाली. आधी लोखंडी टाइपरायटर होता, आता लॅपटॉप आहे आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या मीटरवर चालणारा प्रिंटर. मी वकील नाही. तुमचा दावा जिंकेल की हरेल हे मला कळत नाही, आणि कळलं तरी सांगत नाही. पण कुठला कागद कुठल्या टेबलावर अडतो आणि का अडतो, ते रोज डोळ्यांसमोर घडतं.

माझ्या खुर्चीसमोर येणारी माणसं सगळ्यात जास्त विचारतात ते एकच, "केस टाकायला किती लागतील?" आणि उत्तराची वाट न बघता पुढचं वाक्य येतं, "गंठण गहाण ठेवतो," नाहीतर "बचत गटातून उचलतो." थांबा जरा. गंठणाला हात लावायच्या आधी काय काय करता येतं ते लिहितोय.

का लिहितोय तेही सांगतो. माझे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर हिशेबाचे जे पैसे हातात आले, त्यातले एक लाख चाळीस हजार त्यांनी नात्यातल्या एकाला माग घ्यायला दिले. प्रॉमिसरी नोट (पैसे परत द्यायचं सहीनिशी लेखी वचन) केली होती. पुढे वडील वारले, पैसे काही आले नाहीत. अम्माने (आमच्या घरात तेलुगू बोलतात) एका वकिलांना विचारलं. कोर्ट फी, त्यांची फी आणि वरखर्च मिळून पंधरा हजार आधी आणा, असं ते म्हणाले. अम्मा विड्या वळायची. हजार विड्यांमागे मजुरी किती सुटते ते सोलापुरात कुणाला समजावून सांगायला नको. पत्र्याच्या डब्यात ती पैसे टाकत गेली. पंधरा हजार जमले तेव्हा नोटेच्या तारखेपासून तीन वर्षं दोन महिने होऊन गेले होते. दावा टाकायची मुदत तीनच वर्षांची.

त्या वेळी मी नुकताच टायपिंगला बसू लागलो होतो, कोर्टाच्या अगदी दारात. आणि मला माहीत नव्हतं की अम्माला त्यातला एक रुपयासुद्धा जमवायची गरज नव्हती. ती बाई होती, एवढंच पुरे होतं. बाईला सरकारी खर्चाने वकील आणि कोर्ट फी देणारा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, अंमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ ला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

खर्चाची फोड करून घ्या

"कोर्टाचा खर्च" म्हणून जो एकच आकडा सांगतात, त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी असतात. कोर्ट फी सरकारची. ती महाराष्ट्र न्यायालय शुल्क अधिनियमात ठरवून दिलेली असते, "दहा-बारा हजार धरा" अशी नसते. दुसरी वकिलांची फी, ती त्यांच्या-तुमच्यात ठरेल तशी. तिसरा वरखर्च, म्हणजे समन्सचा भत्ता, वकीलपत्रावरची तिकिटं, नकला, झेरॉक्स आणि माझं टायपिंग. वकिलांना सरळ विचारा, "साहेब, यातली कोर्ट फी किती?" आणि आकडा कागदावर घ्या. चांगल्या वकिलाला याचा राग येत नाही.

पैशाच्या वसुलीत मागितलेल्या रकमेप्रमाणे फी चढत जाते. २०१८ च्या जानेवारीपासून तिची कमाल मर्यादा तीन लाखांवरून दहा लाखांवर गेली. तुमच्या-माझ्या दाव्याला त्या मर्यादेशी देणंघेणं नाही, पण "कोर्टात आता दहा लाख भरावे लागतात" असं ऐकून घाबरलेला एक माणूस माझ्याकडे आला होता, म्हणून सांगितलं. शेतजमिनीचा प्रकार तर वेगळाच. जमीन आज लाखांनी जाते, म्हणून फीही तशीच लागेल या धास्तीने लोक भावकीतला अन्याय गिळून बसतात. आकार (सरकारी शेतसारा) भरणाऱ्या शेतजमिनीच्या ताब्याच्या दाव्यात फी मोजायला बाजारभाव धरत नाहीत, सातबाऱ्यावरच्या आकाराच्या काही पट रक्कम धरतात. आकार असतो पाच-दहा रुपये. येताना सातबारा घेऊन या, म्हणजे वकिलांना लगेच हिशेब करून सांगता येतो.

आणि दावा तुमच्यावर झाला असेल, तर कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) द्यायला रकमेवरची कोर्ट फी लागत नाही. तुम्ही उलट मागणी केली तरच लागते. पैसे नाहीत म्हणून समन्स उशाशी ठेवून बसलेली माणसं मी बघितली आहेत. कैफियतीला समन्स मिळाल्यापासून तीस दिवस, कोर्टाने वाढवून दिले तर नव्वद. मग हुकूम एकतर्फी होऊ शकतो.

जिथे फीचा प्रश्नच येत नाही

राज्य सरकारने १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने बायकांना पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि मालमत्तेचे वाद यांत कोर्ट फी माफ केली आहे. यातल्या मालमत्तेच्या शब्दावर जास्त भार टाकू नका. लग्नातून, संसारातून निघालेला मालमत्तेचा वाद असा त्याचा अर्थ घेतात. भावांविरुद्ध वाटणीचा दावा असेल तर या माफीवर विसंबू नका, पुढे सांगितलेल्या विधी सेवेच्या रस्त्याने जा. पोटगीच्या अर्जाला फी लागेल म्हणून कुणी पैसे मागितले तर मात्र ही तारीख तोंडपाठ असू द्या.

ग्राहक आयोगाचंही तसंच. वस्तूला किंवा सेवेला तुम्ही मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क शून्य, पाच ते दहा लाखांना दोनशे रुपये. फ्रिज, मोबाइल, कोचिंग क्लास, विमा, सगळं यात बसतं. वकील लागतोच असं नाही.

विधी सेवा प्राधिकरणाचं दार

प्रत्येक जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं आणि जिल्हा न्यायाधीश त्याचे अध्यक्ष असतात. आपल्याकडे ते जिल्हा न्यायालयात आहे. बार्शी, पंढरपूर, करमाळा, सांगोला अशा ठिकाणच्या माणसाने त्यासाठी सोलापूरची एसटी पकडायची गरज नाही, तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. काहीच कळेनासं झालं तर १५१०० लावा, फोन फुकट आहे.

पात्र कोण ते विधी सेवा कायद्याच्या कलम १२ मध्ये आहे. सगळ्या बायका आणि मुलं. अनुसूचित जाती-जमातीचे लोक. अपंग. वेठबिगारीत किंवा माणसांच्या व्यापारात सापडलेले. पूर, दुष्काळ, भूकंप, जातीय अत्याचार यांची झळ बसलेले. औद्योगिक कामगार. कोठडीत असलेले. या सगळ्यांना उत्पन्नाची अट नाही, हे दोनदा वाचा. आपल्या गावात कारखान्यातल्या आणि मागावरच्या कामगाराला "तुझा पगार किती" म्हणून माणसंच परत पाठवतात. तो कामगार म्हणूनच पात्र ठरू शकतो. ईएसआयचं कार्ड, पगाराची चिठ्ठी, हजेरीचं पुस्तक, जे असेल ते न्यावं. या यादीत न बसणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. जुन्या पाट्यांवर अजून एक लाख लिहिलेलं दिसतं, ते बघून परत फिरू नका.

बायकांना उत्पन्नाचा दाखला मागितला जातो आणि त्या सेतूत रांगा लावतात. बाईच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. आधार कार्ड पुरतं. ज्यांना उत्पन्न दाखवायचं आहे त्यांचं प्रतिज्ञापत्रही कायद्याला चालतं, अधिकाऱ्याला त्यावर शंका घ्यायला कारण नसेल तर. आणि हो, हे प्रतिज्ञापत्र साध्या कागदावर करा. कोर्टात आणि सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांचं मुद्रांक शुल्क सरकारने २००४ सालीच माफ केलंय. स्टॅम्पची किमान रक्कम २०२४ मध्ये शंभरावरून पाचशे झाली, तेव्हापासून गरिबीचं प्रतिज्ञापत्र करायला पाचशेचा स्टॅम्प घेऊन येणारी माणसं रोज दिसतात. मी आधी त्यांना परत पाठवतो, मग टाइप करतो.

अर्ज एका पानाचा असतो. नाव, पत्ता, कलम १२ मधल्या कुठल्या गटात बसता, वाद काय, कुणाशी, आणि काय पाहिजे. मराठीत लिहा. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, तिथला माणूस किंवा विधी स्वयंसेवक लिहून घेतो. वादाची हकीकत मात्र घरून तारखेवार लावून न्या. माझ्याकडे येणारे नव्वद टक्के लोक हकीकत मधूनच सुरू करतात, "आणि मग त्याने मला शिवी दिली." शिवी नंतर. आधी पैसे कधी दिले, कागद कुठला, शेवटचं बोलणं कुठल्या महिन्यात झालं. गड्ड्याच्या यात्रेच्या आधी की नंतर, असं आठवलं तरी चालतं, जानेवारी तर ठरला.

अर्ज मंजूर झाला की पॅनेलवरचा वकील मिळतो. कोर्ट फी, भत्ता, कागद तयार करायचा खर्च, नकला, साक्षीदारांचा खर्च, सगळं त्यात येतं. टायपिंगसुद्धा येतं, म्हणजे या लेखाने माझं गिऱ्हाईक कमी होणार. नियमाप्रमाणे अर्जावर लगेच, आणि फार तर सात दिवसांत निर्णय व्हायला पाहिजे. आठव्या दिवशी जाऊन विचारा. अब्रूनुकसानी, निवडणुकीचे वाद अशा काही प्रकरणांना ही मदत मिळत नाही, आणि दाव्यात प्रथमदर्शनी दम आहे का हेही बघतात.

पॅनेलच्या वकिलाने तुमच्याकडे पैसे मागायचे नसतात. ना फी म्हणून, ना चहापाणी म्हणून. मागितले तर प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी द्या, वकील बदलून मागा. लोकांचं उलटं असतं. फुकटचा वकील मन लावणार नाही असं धरून ते दोन-तीन हजार स्वतःहूनच पुढे करतात. तसं करू नका. पॅनेलवरच्या काही वकिलांचे कागद मी टाइप केलेत, पन्नास हजार घेणाऱ्यांपेक्षा नीटनेटके असतात. काहींचे नसतात. ते तर बाहेरही तसंच असतं.

फौजदारी प्रकरणात आरोपी असाल आणि वकील परवडत नसेल तर लोक अभिरक्षक कार्यालय (आरोपींना फुकट वकील देणारं विधी सेवेचं कार्यालय) विचारा. अटकेत असलेल्याला फक्त "मला सरकारी खर्चाने वकील पाहिजे" एवढं न्यायाधीशांसमोर म्हणता आलं तरी पुढचं चाक फिरतं.

ऑर्डर तेहतीस, म्हणजे नादारीचा अर्ज

आता ज्या गोष्टीत मी सगळ्यात जास्त कागद काळे केलेत ती. समजा तुम्ही पुरुष आहात, उत्पन्न तीन लाखांच्या थोडं वर आहे, पण दावा मोठा आणि फी साठ-सत्तर हजारांवर जाते. किंवा तुमचा वकील ठरलेला आहे, फक्त फीचा डोंगर आडवा आहे. तेव्हा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३३ खाली "निर्धन व्यक्ती म्हणून दावा करायची परवानगी द्या" असा अर्ज थेट कोर्टात करता येतो. जुने लोक याला नादारीचा अर्ज म्हणतात. शब्द ऐकून काही जणांना लाज वाटते. एक मागवाले, स्वतःचे चार माग, टॉवेलचा धंदा बसलेला, मला म्हणाले, "नादार लिहू नको बाबा, सोयरे वाचतील." कायद्यातला जुना शब्द १९७६ मध्येच बदलला. मी "निर्धन" लिहिलं. त्यांना तोही आवडला नाही, पण सही केली.

निर्धन म्हणजे भिकारी नव्हे. तुमच्याकडे ही फी भरण्याइतकी ऐपत नाही, एवढाच अर्थ. ती ऐपत मोजताना दोन गोष्टी वगळतात. ज्या मालमत्तेवर वाद चालला आहे ती, आणि हुकूमनाम्यात जप्त होऊ शकत नाही ती. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं आणि बैल, भविष्य निर्वाह निधी, हे जप्तीतून सुटलेलं असतं. "हजार रुपयांच्या वर काही असलं की अर्ज बाद" ही कोर्टाच्या आवारातली दंतकथा. हजाराची अट फक्त ज्या दाव्याला फी ठरवलेलीच नाही त्याला आहे. नुकसानभरपाईचा हुकूम हातात आहे पण पैसे आलेले नाहीत, अशालाही निर्धन म्हणून अपील करता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलं. कागदावरची रक्कम म्हणजे खिशातले पैसे नव्हेत.

अर्जात दाव्याचा सगळा मजकूर असतो तसाच्या तसा, आणि खाली मालमत्तेचं परिशिष्ट. अर्ज जगतो किंवा मरतो तो या परिशिष्टावर. मी टाइप करतो ते साधारण असं असतं:

"अर्जदाराची स्थावर मालमत्ता: काही नाही. अर्जदार भाड्याच्या खोलीत राहतो, मासिक भाडे ₹२,२००. जंगम मालमत्ता: बँकेतील बचत खाते, आज रोजी शिल्लक ₹३,४१०. जुनी दुचाकी, २०११ ची, अंदाजे किंमत ₹९,०००. पत्नीचे मंगळसूत्र, ते पत्नीचे स्त्रीधन आहे. शिलाई मशीन एक, उपजीविकेचे साधन. मोबाइल एक, अंदाजे किंमत ₹४,०००. भांडी व कपडे. याशिवाय अर्जदाराची कोठेही कसलीही मालमत्ता नाही."

"काहीही नाही" एवढ्यावर भागवू नका. तीन ओळींचं परिशिष्ट बघून समोरचा वकील हात चोळतो. बँकेचं पासबुक, गावाकडच्या सातबाऱ्यावर सामाईकात लागलेलं नाव, भिशी, पतसंस्थेतली ठेव, मुलाच्या नावावर घेतलेली पण हप्ता तुम्ही भरता ती गाडी, सगळं लिहा आणि पुढे खुलासा करा. एका गिऱ्हाइकाने अकरा हजारांची एक पतपेढीची पावती सांगितलीच नाही. फी होती बेचाळीस हजार. अकरा हजार सांगितले असते तरी तो निर्धनच ठरला असता. समोरच्याने पावती शोधून हजर केली आणि मग प्रश्न अकरा हजारांचा राहिला नाही, माणूस खोटं बोलतो एवढाच राहिला. अर्ज गेला. मी त्याला विचारलं, का रे लपवलंस? म्हणाला, "ते पोरीच्या लग्नाचे होते." तसंच लिहायचं होतं की मग. "₹११,००० मुलीच्या विवाहासाठी ठेवलेले."

अर्जाच्या आधीच्या दोन महिन्यांत मालमत्ता कुणाच्या नावावर करून मोकळे झालात, तर ते फसवणुकीने केलं असं दिसून अर्ज फेटाळला जाऊ शकतो. दाव्यातल्या वस्तूत कुणाला हिस्सा द्यायचा करार करून त्याच्याकडून पैसा घेतलात, तरी तेच. म्हणून "जिंकलास तर अर्धं मला दे, फी मी भरतो" म्हणणाऱ्या भावकीतल्या दानशूरापासून लांब राहा.

अर्ज स्वतः हजर राहून द्यायचा असतो. मग चौकशी. न्यायाधीश तुम्हाला शपथेवर चार प्रश्न विचारू शकतात: कुठे राहता, काय कमावता, घरात कोण कमावतं. समोरच्याला आणि सरकारी वकिलांना नोटीस जाते, कारण फी सरकारची. सरकारी वकील विरोध करतील, ते त्यांचं काम आहे, मनावर घेऊ नका. उत्तरं छोटी द्या. बायकोच्या विड्यांची मजुरी विचारली तर सांगा. इस्त्रीचा शर्ट घालावा की नाही, असंही एकाने विचारलं होतं. घाला की, कोर्ट आहे.

परवानगी मिळाली म्हणजे फी कायमची माफ झाली असं नाही. ही सगळ्यात जास्त लपून राहणारी गोष्ट. जिंकलात तर फी हिशेबात येते आणि मिळालेल्या मालमत्तेवर तिचा पहिला बोजा असतो. हरलात तर फी भरायचा हुकूम तुमच्यावर होतो, आणि सरकार ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करू शकतं. दावा कच्चा असेल तर या रस्त्याने जाताना दोनदा विचार करा. विधी सेवेत बसत असाल तर आधी तिकडेच जा.

मुदत कुणासाठी थांबते

अम्माचं जिथे बुडालं ते हे ठिकाण, म्हणून जरा हळू वाचा.

नादारीचा अर्ज कोर्टात दिला, त्याच दिवशी दावा दाखल झाला असं मुदतीचा कायदा मानतो. पुढे चौकशीत आठ महिने गेले तरी चालतं. अर्ज फेटाळला तरी कोर्ट फी भरायला वेळ देऊ शकतं, आणि त्या वेळेत फी भरली की दावा मूळ अर्जाच्या तारखेचाच धरतात. ही वेळ मागावी लागते. अर्ज फेटाळल्याचा हुकूम ऐकून डोळे पुसत बाहेर येऊ नका, वकिलांना तिथल्या तिथे वेळ मागायला सांगा. एकदा नाकारला की त्याच हक्कासाठी पुन्हा निर्धन म्हणून अर्ज चालत नाही.

विधी सेवा प्राधिकरणातल्या अर्जाने मात्र मुदत थांबत नाही. तो कोर्टातला दावा नव्हे. म्हणून तिथे अर्ज देताना वरच ठळक लिहा, "मुदत अमुक तारखेला संपते." मी ते लाल शाईने लिहायला लावतो.

उसनवारीचे पैसे, प्रॉमिसरी नोट, बिलाची रक्कम यांना साधारण तीन वर्षं. संपत आली असतील तर कर्जदाराकडून मुदतीच्या आत एक ओळ सहीनिशी घ्या, "तुमचे इतके रुपये देणे आहे." त्या तारखेपासून मुदत नव्याने सुरू होते. थोडी रक्कम घेऊन त्याच्या हातची नोंद घेतली तरी तसंच. शेवटचा दिवस मे महिन्याच्या सुट्टीत पडला तर कोर्ट उघडेल त्या पहिल्या दिवशी दावा चालतो. दुसऱ्या दिवशी नाही.

फी थोडी कमी पडतेय, पाच-सात हजारांनी, तर दावा रोखू नका. असेल तेवढी फी लावून दावा द्या आणि उरलेली भरायला परवानगी मागा. संहितेच्या कलम १४९ मध्ये कोर्टाला तो अधिकार आहे. देतीलच असं नाही, पण मागणाऱ्यालाच मिळते.

तडजोड झाली तर

दावा दाखल व्हायच्या आधीच लोकअदालतीत प्रकरण ठेवता येतं, त्याला फी नाही. चालू दावा लोकअदालतीत मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. त्याचा अर्ज आणि दाखला वकिलांकडून आठवणीने घ्या, कारण तडजोडीच्या आनंदात पेढे वाटले जातात आणि फी तिथेच राहते. लोकअदालतीतला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. पॅनेलसमोर सही करताना रक्कम आणि हप्त्यांच्या तारखा मोठ्याने वाचून घ्या. तेलुगू-कन्नड घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तर नक्की वाचून, समजावून द्या. मराठी बोलता येणं वेगळं आणि निवाड्याचं मराठी कळणं वेगळं.

नाही म्हणाले तर

विधी सेवेचा अर्ज नामंजूर झाला तर कारण लेखी मागा. त्यावर वरच्या प्राधिकरणाकडे अपील करता येतं. खालच्या कोर्टात निर्धन म्हणून दावा चालला असेल तर अपिलात पुन्हा सगळी चौकशी होत नाही, "तेव्हापासून आजवर माझी परिस्थिती सुधारलेली नाही" असं प्रतिज्ञापत्र बहुधा पुरतं. उच्च न्यायालयाचं अपील म्हणजे मुंबई, सिद्धेश्वर एक्सप्रेस, रात्रभर बसून प्रवास, हे आता नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय आणि सोलापूर जिल्हा त्यात आहे. त्यासाठीचा विधी सेवेचा अर्जही आपल्याच जिल्हा प्राधिकरणात देता येतो, ते पुढे पाठवतात.

कुठलाही अर्ज देताना दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन ती स्वतःजवळ ठेवा. ही पोच हातात नसेल तर आठव्या दिवशी विचारायला गेल्यावर "कुठला अर्ज?" यापाशीच बोलणं संपतं. पोच जाड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, मूळ नोट आणि पावत्या त्याच पिशवीत. पंच मारून फाइलला लावू नका, भोक सहीवर पडतं. मूळ कागद कुणालाही देताना, वकिलांना देतानासुद्धा, त्याची झेरॉक्स काढून "मूळ मिळाले" अशी सही घ्या. अम्माची नोट अजून आमच्या कपाटात आहे, एकदम कोरी, घडीवर थोडी फाटलेली.